स्टेचा उन्हाळा

परवापासून आमच्या गल्लीत गॅसची पाइपलाइन टाकायला सुरुवात झालीय. सकाळी उजाडलं की ते यंत्र घरघरायला लागतं, कपबशा थरथरतात, आणि दारापुढं लाल मातीचा हा एवढा ढीग. ऐन चैत्रातलं ऊन. उकरलेल्या मातीला एक वास असतो. पावसानंतरचा तो सगळ्यांच्या कौतुकाचा वास नव्हे. हा कोरडा असतो, जरासा लोखंडासारखा. तो नाकात गेला की माझे कान तापतात. इतकी वर्षं झाली, नातवंडं झाली, पण तापतात म्हणजे तापतात.

काल मुलगा पेपर वाचता वाचता म्हणाला, "आई, हे ऐकलंस का? गॅसच्या मोठ्या लाइनीला सरकारनं मंजुरी दिली, तर गावकरी हायकोर्टात गेलेत. स्टे मागतायत. या लोकांना ना, कुणाचं काही चांगलं झालेलं बघवतच नाही."

मी उठून आत गेले आणि उगाच डब्यांची झाकणं घट्ट करत बसले. त्याला काय सांगू? की बाबा रे, 'या लोकांत' तुझे आजोबाही होते, आणि त्यांचं बोट धरून हायकोर्टाच्या पायऱ्या मी चढलेय?

मला उन्हाळे फारसे वेगवेगळे आठवत नाहीत. कैऱ्या, सुट्टी, गच्चीवर वाळत घातलेले सांडगे, सगळं एकात एक मिसळून गेलंय. साठच्या दशकातला तो एकच उन्हाळा तेवढा वेगळा राहिला. तेव्हा आम्ही चामराजपेटेत राहायचो. मी चौदा-पंधरा वर्षांची. दोन वेण्या, परकर, आणि नाकावर सदा राग.

वडलांना आम्ही अण्णा म्हणायचो. तीनशे वर्षं कानडी मुलखात राहिलेलं घराणं आमचं, देवापुढं मराठी आणि दारापुढं कन्नड. अण्णा शाळेत इंग्रजी शिकवायचे. वकिलीचा अभ्यास त्यांनी अर्ध्यावर सोडला होता, आणि अर्ध्यावर सोडलेल्या गोष्टीचं माणसाला जरा जास्तच वेड असतं. जेवताना आमटीत मीठ कमी पडलं तरी ते म्हणायचे, "आधी मला विचारायचं होतंत." आई म्हणायची, "विचारलं असतं तर मीठ वाढलं असतं का?" "तो प्रश्न नाही," अण्णा म्हणायचे. "विचारलं का, हा प्रश्न आहे."

पूर्वजांना कधीकाळी मिळालेल्या इनामातला एक तुकडा तेवढा आमच्याकडं उरला होता. शहराच्या दक्षिणेला, तेव्हा सगळं रान होतं तिकडं. ती जमीन मुनियप्पा कसायचा. तिगळ समाजाचा, पिढीजात माळी. मध्ये एक विहीर आणि विहिरीभोवती मोगऱ्याचे वाफे. मोगरा म्हटलं की लोकांना गजरे आठवतात. मला मुनियप्पाची बायको आठवते. पहाटेच्या गारव्यात कळ्या खुडून, ओल्या फडक्यात बांधून ती गाडीत ठेवायची, आणि तिच्या बोटांना दिवसभर तो वास यायचा. चैत्र पुनवेला करगा असायचा, त्यांच्या समाजाचा मोठा सण. त्या दिवसांत शहराला मोगरा पुरायचा नाही. मुनियप्पाचं अख्खं वर्ष त्या थोड्या दिवसांवर चालायचं.

आणि त्याच दिवसांत शहराला पाणी पुरायचं नाही. जुने तलाव आटत चाललेले, माणसं वाढत चाललेली. रस्त्याच्या कोपऱ्यावर एक नळ, पहाटे जेमतेम करंगळीएवढी धार. म्हणून सरकारनं लांबच्या नदीचं पाणी शहरात आणायचं ठरवलं. आमच्या रस्त्याच्या कडेनं मोठमोठे काळे लोखंडी पाइप आणून टाकले. पोरं त्यात शिरून हाका मारायची आणि आपलाच आवाज ऐकून खिदळायची. बायका येता-जाता पाइपावर हात ठेवायच्या, गाभण गाईच्या पाठीवर ठेवावा तसा. आता येईल पाणी, पुढच्या उन्हाळ्याला येईल.

एक दिवस मुनियप्पा भरदुपारी दारात येऊन उभा राहिला. कधी दुपारचा यायचा नाही तो. माणसं आली होती म्हणाला, मोजणीच्या साखळ्या घेऊन, लाल निशाणं घेऊन. वाफ्यांतून सरळ खुंट्या ठोकत गेली. एक खुंटी विहिरीच्या काठावर. पाइप तिथूनच जाणार, विहीर बुजवणार, असं म्हणाली.

"तुला विचारलं?" अण्णा म्हणाले.

"नाही स्वामी."

"मलाही विचारलं नाही!" अण्णा ताडकन उठले. "नकाशावर पट्टी ठेवून रेघ मारली आणि वर सही ठोकली! मंजुरी द्यायच्या आधी ज्याची जमीन त्याचं म्हणणं ऐकायचं असतं. कायदा आहे तसा. अरे, पाहिजे तर जमीन घ्या, पण विचारून घ्या!"

मुनियप्पाला कायद्याचं काय कळलं असेल ते असो. त्याला एवढंच कळलं की स्वामी उठलेत, आता विहीर वाचेल. तो अण्णांच्या पाया पडला. मला तेव्हा अण्णांचा असा अभिमान वाटला म्हणून सांगू! तेवढाच. त्या उन्हाळ्यातला माझ्या वाट्याचा अभिमान तेवढाच.

अर्ज केला तो अण्णांनी आणि मुनियप्पानं मिळून, एकाची सही आणि एकाचा अंगठा. पाणी नको असं त्यात कुठंही म्हटलं नव्हतं, हे अण्णा प्रत्येकाला सांगायचे. योजनेला विरोध नाही, न विचारता दिलेल्या मंजुरीला विरोध आहे. वाण्याला सांगायचे, न्हाव्याला सांगायचे. ते दोघं "सरी सरी" म्हणत मान हलवायचे. अण्णा वळले की तेच दोघं एकमेकांकडं बघायचे.

कोर्टाला उन्हाळ्याची सुट्टी लागायच्या तोंडावर स्टे मिळाला. कोर्ट उघडून निकाल लागेपर्यंत काम बंद. आता हे अण्णांच्याही लक्षात आलं नव्हतं बहुतेक, की न्यायाधीश सुट्टीवर जातात पण तहान सुट्टीवर जात नाही. आमच्या बाजूच्या सगळ्या पाइपांचं काम जिथल्या तिथं थांबलं. खणणारी माणसं टोपल्या-फावडी उचलून गेली. चर तसाच उघडा, आणि त्याच्या कडेला तो लाल, कोरडा ढीग.

गल्लीला कळायला कितीसा वेळ लागतो? दुसऱ्या दिवशी नळावर कळलं होतं. आमच्या घराला नाव पडलं, 'पैपु मने', पाइपवाल्यांचं घर. पोस्टमनसुद्धा तसंच विचारत यायचा. मला पोरी म्हणायच्या 'स्टे'. "ए स्टे, लगोरी खेळायला येतेस का? की आधी कोर्टाला विचारायचं?" मी एकीच्या झिंज्या उपटल्या. घरी येऊन रडले, तर आई म्हणाली, "रडू नको. डोळ्यांतलं पाणी तरी जपून वापर." आणि स्वतःच तोंडाला पदर लावून न्हाणीघरात गेली.

त्यात मुनियप्पानं काय करावं? स्वामींच्या घरी पाण्याचे हाल नकोत म्हणून फुलांच्या गाडीत विहिरीच्या पाण्याच्या दोन घागरी घालून आणल्या. सकाळची वेळ. कोपऱ्यावर बायकांची रांग, रिकाम्या कळशांची कुरबुर चाललेली, आणि त्या सगळ्यांच्या देखत बैलगाडी आमच्या दारात. ओल्या फडक्यातला मोगरा घमघमतोय, आणि घागरी भरून वाहताहेत. पाणी रस्त्यावर सांडलं. ते सांडलेलं पाणी सगळ्यांनी बघितलं.

आई बाहेर आली. "मुनियप्पा, परत ने," म्हणाली. "अम्मा, तुमचंच पाणी आहे," तो म्हणाला. "म्हणूनच परत ने." बिचारा! काय चुकलं ते त्याला कळेना. मग आई कळशी घेऊन नळावर गेली आणि रांगेत शेवटी उभी राहिली. पुढच्या बाईनं मागं बघितलं आणि बाजूला सरली. "तुम्ही पुढं व्हा हो. तुमची कोर्टाची कामं असतील." हळूहळू सगळ्याच सरल्या. आईला एकदम नळापाशी वाट मोकळी. शेजाऱ्यांनी मान द्यावा तर असा! आईनं पाणी भरलं नाही. तशीच रिकामी कळशी घेऊन ती पुन्हा रांगेच्या टोकाला जाऊन उभी राहिली, आणि तिची पाळी यायच्या आत नळ गेला.

त्या उन्हाळ्यात आमच्या गल्लीत कुणी सांडगे घातले नाहीत. पीठ भिजवायला पाणी कुठलं? गच्च्या मोकळ्या, तापलेल्या. चैत्रगौरीचं हळदीकुंकू आईनं केलं नाही. केलं असतं तर कुणी आलं असतं का, हे तिला बघायचं नव्हतं. गुलमोहर मात्र निर्लज्जासारखा फुलला होता.

अण्णा चुकीचे असते तर किती बरं झालं असतं, असं मला अजून वाटतं. मग सरळ रागावता आलं असतं, नाही तर माफ करून टाकता आलं असतं. पण ते बरोबर होते हो! कायद्यानं बरोबर, मुनियप्पाच्या बाजूनं बरोबर. आणि तरी खिडकीतून समोरच्या सीतम्माकडं बघवायचं नाही. सीतम्मा म्हणजे आमच्या समोरच्या घरातली, अण्णांहून वयानं मोठी, घरात अंथरुणाला खिळलेली सासू आणि पोरंटोरं. सासूची धुणी धुवायला ती उन्हातून लांबच्या तळ्यावर जायची. जाताना आमच्या दारावरून जावं लागायचं. ती कधी आत बघायची नाही. रागानं म्हणाल तर नाही. आम्हाला ओशाळं वाटू नये म्हणून बघायची नाही, असं मला वाटतं. आणि तेच जास्त लागायचं.

कोर्ट उघडलं. त्या वर्षी पावसानं ओढ दिली होती. अण्णा मला घेऊन गेले. "बघ," म्हणाले, "सरकारला जाब विचारता येतो, हे बघून ठेव." लाल इमारत, उंच छत, संथ फिरणारे पंखे. सरकारी वकील म्हणाले, शहर तहानलेलं आहे. आमचे वकील म्हणाले, ते कबूल आहे, पण यांचं म्हणणं ऐकून घेतलं का? न्यायाधीशांनी सरकारी वकिलांना विचारलं, "घेतलं होतं का?" सरकारी वकील कागद चाळू लागले. चाळतच राहिले. अण्णांनी माझा हात असा दाबला की बांगडी रुतली.

निकाल लागला. मंजुरी रद्द. आधी यांना बोलवा, यांचं ऐका, मग काय ते ठरवा.

आमच्या घराण्याची एक रीत. निकाल आपल्या बाजूनं लागला की घरोघर साखर वाटायची. आजोबांनी वाटली होती, पणजोबांनी वाटली होती. अण्णा येताना शेरभर साखर घेऊनच आले. आईनं पिशवीकडं बघितलं, मग अण्णांकडं.

"कुणाला वाटणार?"

"गल्लीत. सगळ्यांना."

"शुद्धीवर आहात का? त्यांना काय सांगणार, की तुमचं पाणी अडवलं म्हणून तोंड गोड करा?"

"पाणी कुणी अडवलंय? मी हक्क मिळवलाय! यांच्यासुद्धा. उद्या यांची जमीन घेतील तेव्हा यांनाही विचारावं लागेल. कळेल त्यांना."

"तुमचा निकाल, तुमची साखर," आई म्हणाली. "मी नाही यायची."

म्हणून मी गेले. हातात चांदीची वाटी, त्यात साखर, पुढं अण्णा कोट घालून. मला वाटलं होतं दारं लावून घेतील. लावली असती तर बरं. पण आमच्या या मुलखात आणखी एक रीत आहे. उन्हातून कुणी दारात आलं की गूळ आणि पाणी पुढं करायचं. शत्रू असो, वसुलीवाला असो, आधी गूळ-पाणी. आणि गोड घेऊन आलेल्याला तर कोरड्या तोंडानं कुणीच परत पाठवत नाही.

पहिल्या घरात आम्हाला पाणी दिलं. दुसऱ्या घरात दिलं. वाण्याकडं दिलं. कुणी टोमणा मारला नाही. "संतोष, संतोष," म्हणत चिमूटभर साखर घेतली, आणि आतून पेला आणला. नको म्हणायची सोय नाही, अपमान होतो. अण्णा पहिल्या घरी हसत प्याले. पुढं पुढं त्यांचं हसू कमी होत गेलं.

शेवटी सीतम्माकडं. "बन्नी, बन्नी, कूतकोळ्ळी," म्हणत तिनं चटई टाकली. बसलो. साखर तिनं डोळ्यांना लावून घेतली, सासूच्या जिभेवर दोन कण ठेवले. मग गुळाचा खडा आणला आणि कोपऱ्यातली घागर उचलली. उचलल्यावर कळलं की ती हलकी आहे. तिनं घागर पार आडवी केली, एका हातानं बूड वर धरलं, आणि पेला भरला. काठोकाठ भरला. घागर परत उभी न ठेवता तशीच आडवी ठेवून दिली. तिचा लहान नातू त्या पेल्याकडं बघत होता. सीतम्मानं हळूच त्याचं तोंड दुसरीकडं वळवलं.

"घ्या सर," ती म्हणाली. "उन्हातून आलात."

अण्णा ते पाणी प्याले. सगळं प्याले. मी त्यांच्या गळ्याकडं बघत होते. प्रत्येक घोट उतरताना दिसत होता. माझ्यासाठी पाणी उरलंच नव्हतं. सीतम्मा मला म्हणाली, "तू स्वल्प थांब हं, मगू, बघते कुठं मिळतंय का." मगू म्हणजे बाळ. मी म्हटलं, मला तहान नाही. धरणी दुभंगावी वगैरे पुस्तकात वाचलं होतं. ते खरं असतं.

घरी आल्यावर अण्णांनी कोट काढला आणि खुर्चीवर बसून राहिले. वाटीत साखर उरली होती, ती आईनं मुंग्यांना घातली.

काही दिवसांनी सरकारी पत्र आलं. आक्षेप मांडायला हजर राहावे. अण्णांनी अर्धा उन्हाळा ज्यासाठी जाळला ते हेच. त्यांनी चांगलं टिपण तयार केलं होतं. पाइप थोडा वाकवला तर विहीर वाचते, खर्च फारसा वाढत नाही, असं सगळं. मला वाचून दाखवलं होतं त्यांनी, निकालाच्या आधी. फार सुंदर इंग्रजी होतं.

मुनियप्पा धुतलेलं धोतर नेसून, नवं पागोटं बांधून आला होता. मीही गेले. अधिकारी तरुण होता, अदबीचा. खुर्च्या दिल्या, कॉफी मागवली. मुनियप्पा खुर्चीवर बसला नाही, अण्णांच्या मागं उभा राहिला.

"बोला सर," अधिकारी म्हणाला. "कोर्टानं सांगितलंय, तुमचं म्हणणं पूर्ण ऐकायचं. तुम्हाला काय सांगायचंय?"

अण्णा उठले. टिपण खिशातच होतं, कोटावरून दिसत होतं. त्यांनी घसा साफ केला. मी वाट बघत होते. मुनियप्पा वाट बघत होता. अधिकाऱ्यानं पेन हातात धरलं होतं.

"एनू इल्ला," अण्णा म्हणाले. काही नाही.

अधिकाऱ्याला वाटलं आपण नीट ऐकलं नाही. "म्हणजे, आक्षेप?"

"नाही. काही म्हणणं नाही." आणि अण्णा खाली बसले.

अधिकाऱ्यानं मुनियप्पाकडं बघितलं. अर्जात त्याचाही अंगठा होता, त्यालाही विचारणं भाग होतं. "आणि तुमचं काय म्हणणं आहे?"

मुनियप्पाला म्हणणं होतं. विहीर होती, वाफे होते, बायको होती, पुढचा चैत्र होता. त्याला उभ्या जन्मात सरकारनं पहिल्यांदाच काही विचारलं होतं. तो अण्णांच्या पाठीकडं बघत राहिला. अण्णा वळले नाहीत. कोर्टकचेऱ्यांचं शहाणपण स्वामींना, आपल्याला नाही, एवढीच त्याला खात्री. स्वामी काही बोलले नाहीत म्हणजे त्यातच काहीतरी असणार.

"स्वामी म्हणतात तसंच," तो म्हणाला.

अधिकाऱ्यानं ते लिहून घेतलं.

बाहेर व्हरांड्यात आलो. अण्णा छत्री उघडायच्या खटपटीत होते, ती उघडत नव्हती. मुनियप्पानं ती त्यांच्या हातातून घेतली, उघडून दिली, आणि खुशीत, अगदी विश्वासानं विचारलं,

"मग आता विहीर राहिली ना, स्वामी?"

अण्णांनी माझ्याकडं बघितलं. मला कन्नड चांगलं येत होतं, मी सांगू शकले असते. आम्ही तिघं बस थांब्याकडं चालू लागलो.